झाकून ठेवलेलं पीठ

मालकाने बेकरीतल्या मावशीला बजावलं होतं, सोमवारी मैद्याचं पोतं एकटीने उचललंस तरच भट्टी तुझी, नाहीतर पाकिटं भरत बस. आणि ही बाई चार दिवस व्यायामशाळेकडे फिरकलीच नव्हती! "रोज यायचं ठरलं होतं ना, मावशी?" प्रशिक्षक खेकसला. "अरे बाबा, पीठ मळताना फुगतं का? कसून मळायचं, मग झाकून ठेवायचं. म्हणून अंडी खाल्ली, झोपले." तो हसला. मावशीने पोत्याइतक्या वजनाचा दांडा सावकाश उचलला. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा बोटं आपोआप सुटली. मागच्या खेपेला तिने दुसऱ्यांदाच हात टेकले होते. प्रशिक्षकाने भिंतीवरच्या रोजच्या वेळापत्रकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "उद्या येऊ नका," तो हळूच म्हणाला. "सोमवारी मीच येतो बेकरीत, बघायला." "मग उपाशी ये हो," घाम पुसत मावशी म्हणाली, "भट्टीतला पहिला पाव तुझा."