मुलुकेनचा वाचक

"थकलेल्या जिवाला औषध एकच, दया!" समुपदेशक डॉक्टर तेक्ले यांनी सभागृहात गर्जना केली, आणि माइक मध्येच बंद पाडल्याबद्दल शिपायाच्या कानफटात वाजवली. शेवटच्या रांगेतल्या मुलुकेनला ती चपराक नीट कळली. तो जन्मापासून आंधळा. थपडांचे प्रकार तो आवाजावरून ओळखायचा.

म्हणूनच वसतिगृहावर परतताच तो जिन्याशी थबकला.

अस्रातच्या खोलीतून फाडफाड आवाज येत होते. अस्रात म्हणजे मुलुकेनचा डोळस वाचक, स्वतःही विद्यार्थीच. वर्षभर पुस्तकं वाचून दाखवायची, परीक्षेत प्रश्न वाचायचे आणि मुलुकेन सांगेल ती उत्तरं लिहायची, हे त्याचं काम. परीक्षा उद्यावर आली होती.

"गाढवा! बाप गोजामच्या शेतात तेफचं पीक कापतोय आणि तू झोपा काढतोस?" फाड! "नापास होणार, आणि वर रडतोस?" भिंतीवर काहीतरी आपटलं. कुणीतरी बारीक कण्हलं.

"कुणा नव्या पोराला सोलतोय हा," मुलुकेन म्हणाला. "मारून टाकेल."

"तू मध्ये पडू नकोस," शेजारचा बिर्हानू म्हणाला. तोही आंधळाच. "त्याला दुखावलंस तर उद्या तुझा पेपर कोण वाचणार? मी?"

"तू वाचलास तर झालंच कल्याण!"

"मग गप बस, लेका. वर्ष जाईल."

आत पुन्हा दणका बसला. "आहेस का कशाच्या लायक? बोल ना!" मार खाणारा बोलेना. आता त्याचं कण्हणंही थांबलं.

"गेलं खड्ड्यात वर्ष," म्हणत मुलुकेनने दाराला खांदा दिला. कडी निखळली. शिव्यांच्या रोखाने त्याने काठी हाणली. अस्रात किंचाळत कोसळला. मुलुकेन त्याच्या छातीवर बसला आणि दोन सणसणीत ठेवून दिल्या.

"पळ रे!" तो त्या पोराला ओरडला. "मी याला धरलंय. पळ!"

कुणी पळालं नाही. मुलुकेनने उठून काठीने कोपरे चाचपले, खाटेखाली ढोसून पाहिलं.

"कुठाय तो?"

"कोण?"

"ज्याला बडवत होतास तो!"

मुलुकेनने अस्रातच्या तोंडावरून हात फिरवला. दोन्ही गाल टम्म सुजलेले, ओठ फुटलेला, कपाळावर टेंगूळ.

"मी दोनच मारल्या," मुलुकेन म्हणाला.

"बाकीच्या माझ्याच हातच्या," अस्रात म्हणाला. "ताटात इंजेराची पोळी आहे. हात उचलत नाहीत रे. एक घास भरवतोस?"