स्वभावाला शांत

पाहुणे ठरल्या वेळेच्या पाऊण तास आधी आले आणि भूत टीव्हीवर तसंच राहिलं.

रविवारी सकाळी त्या विलायती मालिकेचे आठवड्याभराचे भाग हिंदीतून पुन्हा दाखवतात. उत्कर्षा आणि तिची आई सरुबाई लसूण सोलत तेच बघत बसल्या होत्या. दारात गाडी वाजली तशी अंथुर्णे गावातल्या त्या घरात पळापळ झाली. लसूण दिवाणाखाली गेला, मायलेकी आत गेल्या, आणि उत्कर्षाच्या वडिलांनी, हिंदुरावांनी, टीव्ही बंद करायला रिमोट उचलला.

"राहू द्या हो," मुलाचा मामा दत्तोबा सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाला. "चालू असला म्हंजी बोलायला बरं पडतं."

पाहुण्यांचा मान राखून हिंदुरावांनी आवाज तेवढा बंद केला.

मुलगा सुयोग बारामती एमआयडीसीत सुपरवायझर होता. हे स्थळ उत्कर्षाला मनातून हवं होतं. तीही तिथल्याच एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होती; लोकांच्या दुधातलं पाणी पकडणं हे तिचं काम. आधीच्या चारही स्थळांनी नोकरी सोडायची अट घातली होती. या वेळी अट आपण घालायची, असं तिनं ठरवलं होतं. आठवडाभर स्कूटीवरून जाता-येता हेल्मेटच्या आत ती ते बोलणं घोटत होती.

पोह्यांचा ट्रे घेऊन ती बाहेर आली, तेव्हा तिन्ही पाहुणे टक लावून बघत होते. तिच्याकडे नव्हे. टीव्हीवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातला अंधारा बंगला होता आणि जिन्यावरून पांढऱ्या झग्यातली एक बाई मेणबत्ती घेऊन उतरत होती.

"लाइट तिकडं बी जाती म्हणायची," दत्तोबा म्हणाला.

"केस मोकळं सोडून हिंडती," मुलाची आई कुशाबाई म्हणाली. "घरात कुणी सांगणारं न्हाय का?"

"कोण सांगंल, आक्का? एकुलती एक दिसती. चाळीस तरी खोल्या असत्याल, आन भावाचा पत्ता न्हाय. मागं रान बघ की. नुसतं गवत. पाणी फिरवलं तर आडसाली ऊस हुईल तितं."

कुशाबाईनं पोह्यांचा घास घेतला आणि पडद्यावरच्या बाईला आणखी एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. "रंगानं उजळ हाय. पर अंगात रगत न्हाय."

"खाती कमी. ह्यो काय दोष झाला व्हय?"

"मामा, भूत हाय ती," सुयोग हळूच म्हणाला. तो पाय वर घेऊन बसला होता.

"असंल. पर स्वभावाला शांत हाय. मघाधरनं बघतोय, एक शबुद बोललेली न्हाय."

उत्कर्षानं हा भाग शुक्रवारी बघितला होता. तेव्हा आवाज चालू होता. याच जिन्यावर त्या बाईनं फोडलेली किंकाळी ऐकून शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली होती.

ती समोरच्या खुर्चीवर बसली. कोणी काही विचारीना. हिंदुराव दोनदा खाकरले.

"इचारा की पोरीला काय इचारायचं ते."

"इचारू की," दत्तोबा म्हणाला. "गडबड काय हाय?"

मग तिनंच सुयोगकडं बघितलं. "मला नोकरी सोडायची न्हाय. लग्न झाल्यावर बी. चालंल का तुमाला?"

हेल्मेटमध्ये आलं होतं त्याहून नीट आलं. सुयोगनं मान वर केली. त्या घरात आल्यापासून त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. बघण्यात राग नव्हता, आणि त्याचे ओठ उघडले.

"थांब रं जरा," दत्तोबानं हात आडवा धरला. "दार उघडती ती."

ओठ मिटले. दार उघडलं. आत दुसरं दार होतं. ते उघडेपर्यंत पोहे संपले, चहा झाला, कुशाबाईनं पदराला हात पुसले, आणि उत्कर्षाचा प्रश्न रिकाम्या ट्रेशेजारी पडून राहिला.

जाहिराती लागल्या तसे पाहुणे उठले. उंबऱ्याबाहेर दत्तोबानं हिंदुरावांना बाजूला घेतलं. आवाज मात्र बाजूला घेतला नाही.

"पोरगी चांगली हाय, हिंदुराव. पर बोलती फार. कळवतो."

उत्कर्षानं मनाशी मोजलं. तीन वाक्यं, त्यातला एक प्रश्न.

सुयोग बुटाची नाडी बांधत मागं रेंगाळला. मामा गाडीत बसला, आई बसली, तरी त्याची नाडी बांधून होईना. आता सांगेल, असं तिला वाटलं.

"ह्याचा पुढचा भाग कधी असतो?" त्यानं विचारलं.

"उद्या रात्री आठ वाजता," तिनं सांगितलं.

गाडी डांबरी रस्त्याला लागेपर्यंत हिंदुराव हात जोडून उभे होते. आत आल्यावर त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. "जरा गप बसली असतीस तर," ते म्हणाले. रागावून नव्हे, थकून म्हणाले, आणि मोटर चालू करायला विहिरीकडं गेले.

उत्कर्षानं रिमोट घेतला आणि आवाज चालू केला. बाई अजून ओरडतच होती.

"आई, ती मेली कशी, ते एकानं सुदिक इचारलं न्हाय."

सरुबाई रिकाम्या बश्या एकात एक रचत होती. हात न थांबवता तिनं टीव्हीकडं बघितलं.

"इचारायचं काय त्यात," ती म्हणाली. "बंगला तिच्या सासरचा हाय."