पाचवी प्रत

ओहायोतल्या एका काउंटीच्या रस्ते खात्यात लॉरीन प्रत्येक अहवाल पाच प्रतींत टाइप करी. पाचवी कार्बन प्रत वरच्या कचेरीत जाई, आणि ती कायम पुसट उमटे.

"ही नीट उमटली नाही, तर दुसरी नोकरी बघ," साहेबांनी एकदाचं सुनावलं.

मेकॅनिक ओटिसनं विजेच्या टाइपरायटरचं झाकण काढून ठोक्याचा जोर वाढवला. "घे पोरी, आता पाचवी प्रत आंधळासुद्धा बोटांनी वाचेल."

आठवड्याभरानं लॉरीनचा फोन आला.



"ओटिस, साहेब म्हणतात, होतं तसं पुसट करून घे, नाहीतर दुसरी नोकरी बघ. वरच्यांनी अहवाल वाचला आणि ते आता आमचे नवे रस्ते बघायला निघालेत."