बाहेर येऊ का?

राज्यभर धोक्याचे इशारे पाठवणारा ऑपरेटर वैतागला होता. प्रत्येक चाचणीनंतर त्याच बाईचा फोन यायचा. "साहेब, धोका टळल्याचा मेसेज आलाच नाही. आम्ही बाहेर येऊ का?"

"अहो बाई, ती नुसती चाचणी होती," हे सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला होता. कुठून बोलताय विचारलं, की ती म्हणायची, "आधी सांगा, येऊ का?"

आजच्या चाचणीनंतरही तिचा फोन आला. धोका टळला म्हणायला ड्युटीवरच्या दोन्ही ऑपरेटरांची मंजुरी लागायची आणि त्याचा जोडीदार जेवायला गेला होता. पण आज त्याचं डोकं फिरलं. "या, एकदाच्या सगळे बाहेर या."

"चला रे, साहेब हो म्हणाले," तिनं कोणाला तरी हाक दिली.

त्यानं फोन आदळला. खोली तळमजल्यावरची, खाली तळघर नाही. तरी त्याच्या खुर्चीखाली पुष्कळ पावलं जिना चढू लागली.