चार बोल्ट

"पुन्हा मारा किल्ली," मेकॅनिक म्हणाला.

दोरीने ओढत गॅरेजात आणलेल्या गाडीत बसलेल्या काकांनी किल्ली फिरवली. स्टार्टर भुर्रकन फिरला, पण इंजिन काही दाद देईना. आवाज नेहमीपेक्षा हलका होता, रिकामं जातं फिरावं तसा.

मेकॅनिकने ऑइलचं झाकण काढून आत डोकावलं आणि आणखी एकदा किल्ली मारायला लावली. खाली इंजिन फिरत होतं, वरचा दांडा मात्र ढिम्म.

"टायमिंग बेल्ट गेला, काका. खालचं चाक ज्याने वरच्याला फिरवतं ना, तो पट्टा. तुमच्या या जुन्या इंजिनात पट्टा तुटला तरी आतलं काही मोडत नाही, हे नशीब."

"मग बदल की. त्यात काय!" काका खाली उतरले. "पूर्वी मी अंगणातच उरकायचो हे सगळं. आमची ही टॉर्च धरायची. तीसुद्धा धड नाही. मी नट शोधतोय आणि हिचा उजेड भलतीकडेच."

काकू भिंतीशी स्टुलावर बसून विणत होत्या. त्या नुसत्या हसल्या. अंगठ्याला चिकटपट्टी असल्यामुळे सुया जरा अडखळत होत्या.

काका हात धुवायला मागे गेले, तशी त्यांची मुलगी लगबगीने पुढे आली.

"दादा, एक काम करा. गाडी दुरुस्त होणार नाही म्हणून सांगा."

"का हो ताई?"

"गेल्या महिन्यात बाबांनी ती फुटपाथवर चढवली. शाळा सुटली होती. एका मुलीचं दप्तर बंपरला घासलं. मुलगी वाचली, पण कशी ते देवालाच ठाऊक. बाबा म्हणतात, तीच मध्ये आली. डोळे दाखवून घ्या म्हटलं की घर डोक्यावर घेतात. आणि आई रोज मुकाट्याने त्यांच्या शेजारी जाऊन बसते. पुढच्या वेळी कोणाचं तरी पोर जाईल हो."

"गाडीबद्दल मी खोटं बोलत नाही, ताई."

हे अगदीच खरं नव्हतं. 'उद्या देतो' हे तो रोज चार जणांना सांगायचा. पण इंजिनाबद्दल तो खरंच खोटं बोलत नसे आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

त्याने पट्ट्यावरचं कव्हर काढायला घेतलं. बोल्ट चार, बाहेरून चारही डोकी सारखीच. काढल्यावर तीन लांब निघाले, एक आखूड. ते त्याने फडक्यावर ठेवले आणि पट्टा ओढला. पट्टा अलगद हातात आला.

झिजून तुटलेल्या पट्ट्याच्या चिंध्या झालेल्या असतात, दात झडलेले असतात. या पट्ट्याचे सगळे दात शाबूत होते आणि टोक सरळ होतं. कोणीतरी तो कापला होता.

त्याने मुलीला बाजूला बोलावून ते टोक दाखवलं. "हे तुमचं काम?"

"माझं?" तिचा चेहरा पडला. "मला साधं बॉनेट उघडता येत नाही."

"ज्याला येतं त्याच्याकडून करून घेता येतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा काही विश्वास बसला नाही. पण काकांच्या नजरेस हे पडलं, तर बापलेकीचं बोलणं कायमचं तुटेल, हेही त्याला कळत होतं. त्याने पट्टा खिशात कोंबला. आता नवा बसवला की संध्याकाळी काका पुन्हा त्याच शाळेवरून जाणार.

काका हात पुसत आले. मेकॅनिकने वरच्या पुलीला पाना लावला.

"काका, जरा इकडे या. तुमच्यासारख्या जुन्या माणसाने बघितलेलं बरं. पुलीवरची ही पांढरी खूण मागच्या पत्र्यावरच्या खाचेसमोर आली की सांगा."

काका खुशीत वाकले. मेकॅनिक पुली हळूहळू फिरवू लागला. काकांनी चष्मा वर केला, मग खाली केला. खूण खाचेपाशी आली, जुळली आणि पुढे गेली. चार बोटं पुढे गेली.

"हां, बस! जुळली."

"नक्की, काका?"

मेकॅनिकने पान्यावरचा हात हलवला नाही. काकूंच्या सुया थांबल्या.

काकांनी बोट पुढे केलं. नखाने खाच चाचपली, ती सापडली. मग बोट पुलीच्या कडेवरून सरकवत नेलं. रंगाचा खरखरीत ठिपका लागला तेव्हा ते थांबलं. त्या बोटाकडे ते बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढून मुलीच्या हातात दिली.

"घरी तू ने," ते म्हणाले. "यापुढेही तूच."

मुलीने त्यांचा हात धरला आणि दोघं बाहेर मोकळ्या हवेत जाऊन उभी राहिली. मेकॅनिकला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

त्याने खूण नीट जुळवली, नवा पट्टा चढवला, ताण दिला. ताई एकट्या भेटल्या की त्यांना चार शब्द सुनावायचे, असं त्याने ठरवून टाकलं. वडिलांशी असं वागतात का? मग कव्हर जागेवर धरून त्याने फडक्यावरचा हाताला लागेल तो बोल्ट उचलला.

"आखूड बोल्ट खाली उजवीकडे लाव हं," काकू विणकामातून मान वर न काढता म्हणाल्या. "परवा मी तिथे लांब लावत बसले, तर तो बसेचना."