पाकिटावरचं लेकरू
शिवकन्येनं लेकरांच्या खिमटीचं पीठ विकायला काढलं आणि हिंगोलीत फ्लेक्सचं दुकान असलेल्या दिरानं, हरीशनं, पाकिटावर तिच्याच तान्हीचा फोटो टाकला. "घरचं लेकरू असताना बाहेरचं काहून शोधायचं, वहिनी?" तिला मात्र रस्त्यावर फेकलेली पाकिटं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखाली लेकीचं हसू दिसत राहिलं. दिराचा रुसवा पत्करून तिनं मोबाईलवर शोधलेल्या, नुसता नंबर ठाऊक असलेल्या अनोळखी डिझायनरला काम दिलं. आज डिझाईन आलं. रंग सुरेख, अक्षरं सुरेख आणि मधोमध तिचीच लेक! "तुमच्या डीपीवरचा घेतला, मॅडम. माझ्या पेजवरही टाकलाय. भरपूर लाईक येताहेत." "लगेच काढा," तिनं लिहिलं. फोन लावला. त्यानं उचलला नाही. लेकीला काखेत घेऊन ती धापा टाकत हरीशच्या दुकानात शिरली. सगळं ऐकून हरीशनं रुसवा विसरून गाडीला किक मारली. "बसा, वहिनी. कुठं हाय त्याचं दुकान?"