चाळिसाव्या पानावरचा नियम

साहेबांचा सत्कार सुरू झाला तेव्हा तन्मयी शेवटच्या रांगेत शांतपणे समोसा खात होती. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळ्या कंपनीची चिप होती, पण आजपासून त्या सगळ्यांवर लक्ष ठेवणारी ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्या चिपांचं काम एकाच मापाने मोजणार होती आणि जी रिकामी सापडेल तिला वीज वाचवायला माणसासकट झोपवणार होती. या मोजणीची नियमावली तन्मयीने दोन वर्षं खपून लिहिली होती. तिच्या वरिष्ठांनी, निमकर साहेबांनी, तिच्यावरचं तन्मयीचं नाव खोडून स्वतःचं टाकलं. तेव्हा चाळिसाव्या पानावर तिने एक नियम वाढवला: पहिली मोजणी नियमावलीच्या कर्त्याच्याच डोक्याची होईल. साहेब कुठल्याही कागदाच्या दुसऱ्या पानापुढे जात नसत.

पाहुण्यांनी बटण दाबलं. पडद्यावर साहेबांच्या चिपमधला गेल्या महिन्याचा हिशेब उमटला: विचार शून्य, मान डोलावणं नऊ हजार. गळ्यात हार आणि खांद्यावर शाल असलेले साहेब उभ्याउभ्याच घोरू लागले.

"अगं, यांना उठवायचं कसं?" शेजारचा इब्राहिम कुजबुजला.

"डोकं लागेल असं काम त्यांच्याकडे आलं, की आपोआप उठतील."

"आणि नाहीच आलं तर?"

"मग शाल आहे की अंगावर," म्हणत तन्मयीने दुसरा समोसा उचलला.